कोर्टात पुकारलेलं माझं जुनं नाव

कुणी हे वाचलंच तर आधी माफ करा. माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिले. साडीला फॉल लावताना माझा टाका सरळ येतो, पण पेन हातात धरलं की ओळ खाली खाली जाते. तरी लिहिते, कारण ही गोष्ट मला तोंडाने सांगता येत नाही. ज्यांना सांगायला हवी त्यांना तर मुळीच नाही.

नावं कुणाचीच लिहीत नाही. माझंही नाही. माझी दोन नावं आहेत, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

मी हुबळीत दुर्गदबैलच्या मागच्या गल्लीत थोरल्या भावाकडे राहते. त्याला आम्ही अण्णा म्हणतो. त्याचं छोटं कापडाचं दुकान आहे, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत मी गिऱ्हाइकांच्या साड्यांना फॉल-पिको करते. वीस वर्षांहून जास्त काळ हेच करते आहे. त्याआधी माझं लग्न झालं होतं. तीन वर्षं टिकलं. मूल झालं नाही. सासूबाईंनी आधी वैद्य केले, मग देव केले, मग माझ्याशी बोलणं सोडलं. शेवटी दोन्हीकडची वडील मंडळी बसली आणि ठरलं की दोघांच्या राजीखुशीने कोर्टातून वेगळं व्हायचं. मी धारवाडच्या कोर्टात दोनदा गेले. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, बोट ठेवलं तिथे सही केली. पुढे निकालाचा कागद घरी आला, तो अप्पांनी त्याच दिवशी फाडून चुलीत घातला. "असला कागद माझ्या घरात नको," म्हणाले. अप्पा आता नाहीत.

माझं आयुष्य त्या मागच्या खोलीत गेलं असतं आणि मला त्याची तक्रारही नव्हती. पण एक मुलगी फॉल लावायला साड्या घेऊन यायची. बेळगावला दिलेली, माहेरी आली की यायचीच. तिची आई वारलेली. वडील गोकुळ रोडवर एका कारखान्यात सुपरवायझर. एकदा साडी पसरून दाखवता दाखवता ती म्हणाली, "मावशी, रागावू नका. माझ्या बाबांशी लग्न कराल का?"

सुई माझ्या बोटात गेली. मी रागावले नाही. बोट तोंडात धरून बसून राहिले, म्हणजे बोलायला नको.

दोन महिन्यांनी मी हो म्हटलं. रजिस्टर लग्न करायचं ठरलं. मांडव नको, आहेर नको. पण रजिस्ट्रारच्या ऑफिसात सांगितलं, आधीच्या लग्नाचा घटस्फोट झाल्याची कोर्टाची नक्कल आणा, त्याशिवाय अर्ज घेता येणार नाही.

"मी येतो बरोबर," त्या मुलीचे बाबा म्हणाले.

"नको," मी म्हटलं.

नको म्हणण्याचं कारण मी त्यांना सांगितलं नाही. मला वाटायचं, त्या कागदावर लिहिलेलं असणार की हिला मूल होत नाही म्हणून नवऱ्याने सोडली. कोर्टाचा शिक्का मारून लिहिलेलं असणार. ते त्यांनी माझ्या आधी वाचू नये एवढंच मला हवं होतं. मूल झालं नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं, शिक्क्याखाली वाचणं वेगळं.

वहिनी तर चेष्टाच करत होती. "नवरी मुलगी कल्याण मंडपात जाते, आमची कोर्टात चालली," ती म्हणाली आणि माझ्या पिशवीत चपाती-भाजीचा डबा ठेवला.

धारवाडच्या बसमध्ये मी वाटभर मनात घोकत गेले: साहेब, मला माझ्या जुन्या केसची नक्कल पाहिजे. कन्नडमध्ये घोकलं. कन्नड मला बोलता येतं, गल्लीत तेच चालतं. वाचता मात्र बसच्या पाट्यांपुरतंच येतं.

कोर्टात खिडकीपुढे रांग होती. माझी पाळी आली तेव्हा घोकलेलं सगळं गेलं.

"बोला अक्का," आतला क्लार्क म्हणाला.

"नक्कल."

"केस नंबर?"

"नाही."

"नाव सांगा."

मी नाव सांगितलं, आधार कार्डावर आहे ते, माहेरचं. त्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. नाही. "लग्नातलं नाव वेगळं आहे का? तुमच्या लोकांत बदलतात ना?"

बदलतात. लग्नाच्या आधीच सासरहून निरोप आला होता, सुनेचं नाव हे ठेवणार, म्हणून. तसं आमच्याकडे लग्न लागल्यावर ताटातल्या तांदळात लिहून दाखवतात, पण ते आधी कळवलं होतं, कारण अप्पांना भांड्यांवर नाव घालून घ्यायचं होतं. बाजारातल्या भांडीवाल्याने टकटक करून पितळेच्या प्रत्येक डब्यावर, तांब्यावर, वाटीवर ते नाव उमटवलं. मी ते नाव तीन वर्षं वापरलं आणि परत आल्यावर एकदाही उच्चारलं नाही.

"नाव, अक्का. आणि नवऱ्याचं नाव."

दोन्ही माझ्या तोंडातून निघेनात. नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे लहानपणापासून अंगात भिनलेलं, आणि तो तर आता नवराही नव्हता. मागचा माणूस म्हणाला, "लवकर आटपा हो." क्लार्कने कागदाचा तुकडा पुढे सरकवला. मी दोन्ही नावं मराठीत लिहिली. त्याने ती हळूहळू लावून वाचली, बटणं दाबली आणि हसला.

"आहे की! दोघांचंही नाव आहे. केस चालू आहे. पुढच्या गुरुवारी तुमची तारीख."

"तारीख?"

"तुमचे वकील सांगत नाहीत का काही?"

"मला... सुटल्याचा कागद पाहिजे होता."

"केस संपल्याशिवाय कसला कागद? गुरुवारी अकराच्या आत या. पुढे व्हा."

मी पुढे झाले. माझी केस फार जुनी आहे एवढं एक वाक्य बोलले असते तर त्याने जुनं रजिस्टर काढलं असतं. पण मागे रांग होती, सगळे ऐकत होते, आणि मला तिथून फक्त निघायचं होतं.

परतीच्या बसमध्ये मी एकेक जुळवत गेले. केस चालू आहे, म्हणजे ती संपलीच नव्हती. अप्पांनी फाडला तो कागद निकालाचा नव्हताच, कसली तरी नोटीस असेल. इतकी वर्षं मी त्या माणसाची बायकोच आहे. मंगळसूत्र काढलं, नाव टाकलं, आणि दुसऱ्या एका भल्या माणसाला मी हो म्हणून बसले. आता हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

अण्णाला विचारलं, "अप्पांनी तो कागद फाडला, तेव्हा तू वाचला होतास का?"

"त्यात वाचायचं काय? अप्पा म्हणाले संपलं, म्हणजे संपलं." तो गिऱ्हाइकाकडे वळला.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. कागद मिळाला का, म्हणाले. गुरुवारी मिळेल असं मी सांगितलं. खोटं सांगितलं. तो आठवडा मी कसा काढला ते लिहीत नाही. एका गिऱ्हाइकाच्या साडीला फॉल उलटा लागला, एवढं लिहिलं तरी आमच्या धंद्यातल्या माणसाला कळेल.

गुरुवारी मी कोर्टाच्या बाहेर बाकावर बसले होते. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. तो माणूस येईल आणि मला बघेल याची भीती होती, पण तो कुठे दिसला नाही. दाराशी शिपाई एकेक नाव पुकारत होता. आणि मग त्याने ते नाव पुकारलं. तांदळातलं नाव, भांड्यांवरचं नाव, मागे त्या माणसाचं नाव आणि आडनाव. आवाज असा की जिन्याखालच्या लोकांनीही ऐकलं असेल.

मी उठले. पाय आपोआप चालले. आत गेले आणि पुढे जाऊन उभी राहिले. तेवढ्यात माझ्या शेजारी आणखी एक बाई येऊन उभी राहिली. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, हातात प्लास्टिकची फाइल, मागे तिचे वकील.

वकील मला म्हणाले, "तुम्ही कोण?"

मी पदर आणखी ओढून घेतला.

वर बसलेल्या जज्ज मॅडमनी फाइलमधून मान वर केली. "तुम्हा दोघींपैकी ह्या कोण?" त्यांनी ते नाव घेतलं.

"मी," ती बाई म्हणाली.

"मी," मीही म्हणाले.

मागे बसलेले लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "एकाला दोन!" शिपायाने त्याला गप्प केलं. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या बाईने माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, नीट. मग मॅडमना कन्नडमध्ये म्हणाली, "मॅडम, ह्या बरोबर सांगताहेत. ह्या पहिल्या."

तेव्हा मला कळलं. केस माझी नव्हती, तिची होती. त्याने दुसरं लग्न केलं होतं आणि त्या बायकोचं नावही तेच ठेवलं होतं. आता ती पोटगीसाठी कोर्टात आली होती. तो आलाच नव्हता, त्याच्या वकिलाने पुढची तारीख मागितली. मॅडमनी क्लार्कला सांगितलं की या बाईंना जुनं रजिस्टर बघून द्या. सगळं दोन मिनिटांत आटोपलं.

बाहेर येताना मला जे वाटलं, त्यासाठीच हे लिहायला बसले आहे. माझं लग्न मोडलेलं आहे म्हणून सुटल्यासारखं वाटलं, ते ठीक. पण त्याच्या आधी, त्या बाईच्या हातातली फाइल बघून, मला आनंद झाला. हिलाही त्याने नीट ठेवलं नाही, म्हणजे खोट माझ्या एकटीत नव्हती, असा आनंद. शेजारी एक बाई पोटासाठी उभी आहे आणि मी मनात खूश झाले. मला माझीच लाज वाटली. आजही वाटते.

ती माझ्या मागोमाग पायऱ्यांवर आली. "बसा अक्का," म्हणाली, "पडाल." तिने तिच्या बाटलीतलं पाणी दिलं. मी प्यायले.

"तुम्हाला कसं कळलं मी कोण ते?" मी विचारलं.

"त्या नावाला दचकणारी दुसरी कोण असणार?" ती हसली. "मला तर त्या घरात पहिल्या दिवशीच कळलं होतं, आधी कुणीतरी होती. स्वयंपाकघरात गेले तर सगळ्या डब्यांवर माझं नाव! म्हटलं, काय हौशी माणसं आहेत, सून यायच्या आत भांड्यांवर नाव घालून ठेवलं. मग सासूबाईच म्हणाल्या, भांड्यांवर नाव आहेच, परत कशाला खर्च, म्हणून तेच नाव ठेवलं."

भांडी परत आणायला अप्पांनीच नकार दिला होता. ते नाव घातलेली भांडी घरात नकोत, म्हणाले होते.

"एवढंच कारण?"

"एवढंच. पितळ जड होतं." आणि ती पुन्हा हसली. मला हसू आलं नाही, पण तिचं हसू मला वाईटही वाटलं नाही. तिला एक मुलगी आहे, आठवीत. दोघी जुन्या हुबळीत तिच्या आईकडे राहतात.

ती माझ्याबरोबर खिडकीपाशी आली. क्लार्क ओशाळला. "अक्का, जुनी केस आहे म्हणायचं होतंत," म्हणाला, आणि खरंच म्हणायचं होतं. रजिस्टरमध्ये माझी केस सापडली, नंबर मिळाला. पण मग दुसरी अडचण. केसमधलं नाव एक, आधार कार्डावरचं दुसरं. घरगुती केसचे कागद तिसऱ्या माणसाला देत नाहीत. दोन्ही नावांची बाई एकच आहे असं नोटरीसमोर लिहून आणा, मग अर्ज घेतो, असं त्याने समजावलं. त्याचा दोष नव्हता. इतकी वर्षं मी ते नाव टाकून दिलं होतं, आता ती मीच होते हे शपथेवर सांगायचं होतं.

बाहेर झाडाखाली नोटरी आणि टायपिस्ट बसतात. टायपिस्टने टाइप केलं. त्या बाईने मला ते वाचून दाखवलं आणि मी सही केली. मग पैसे द्यायची वेळ आली. मी नकलेच्या खर्चापुरतेच आणले होते. असा कागद वेगळा करावा लागेल हे मला ठाऊक नव्हतं. पर्स उलटी केली, बसचे पैसेही मोजले. पुरत नव्हते.

"उद्या येते," मी म्हटलं.

"उद्या कशाला?" असं म्हणून तिने फाइलच्या कप्प्यातून नोटा काढल्या. तिच्या वकिलाला द्यायला आणलेल्या असाव्यात. नोटरीला देऊनही टाकल्या.

जिला बघून मी खूश झाले होते, जी पोटगी मागायला आली होती, तिच्याकडून मी पैसे घेतले. नको म्हणायला हवं होतं. नको म्हणणं मला एरवी किती सहज जमतं! त्या दिवशी जमलं नाही.

"मी तुमचे पैसे परत करीन," मी म्हटलं.

"कराच. सोडणार नाही मी," ती म्हणाली. "आणि नक्कल मिळेल त्या दिवशी माझी तारीख बघून या. कन्नड वाचायला कोण आहे तुमच्याकडे?"

त्याप्रमाणे मी तिच्या पुढच्या तारखेला गेले. नक्कल तयार होती. तीन पानं, शेवटी शिक्का. मला वाटलं होतं जाड काहीतरी असेल. आम्ही त्याच पायऱ्यांवर बसलो. कागद तिने धरला.

"मोठ्याने वाचू नका," मी म्हटलं.

तिने आवाज लहान केला आणि एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेली. अमुक आणि तमुक यांचं लग्न झालं होतं. एका वर्षाहून जास्त काळ वेगळे राहतात. पुन्हा एकत्र राहणं शक्य नाही. दोघांनी आपल्या मर्जीने मागणी केली आहे. म्हणून लग्न रद्द केलं जात आहे.

"पुढे?"

"पुढे सही. संपलं."

"कारण लिहिलेलं नाही?"

"कसलं कारण?"

मी सांगितलं नाही. तिने विचारलं नाही. पण तिला समजलं असावं, कारण तिने ती तीन पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली, सावकाश, एकही ओळ न गाळता, आणि म्हणाली, "नाही. तसलं काही नाही यात."

बावीस वर्षं मी एका वाक्याला भीत होते आणि ते वाक्य कुणी लिहिलेलंच नव्हतं. अप्पांनी कागद फाडला नसता तर मला हे तेव्हाच कळलं असतं. की मीच वाचायला मागितला नसता?

त्या दिवशी मी तिचे अर्धे पैसे दिले. तेवढेच जमले होते. बाकीचे पुढच्या वेळी देते म्हटलं.

कागद मी त्या मुलीच्या बाबांकडे दिला. त्यांनी तो न उघडताच पाकिटात ठेवला. मी म्हटलं, "वाचा." ते म्हणाले, "मला कशाला?" तेव्हा मीच वाचायला लावला. अर्ज गेला, नोटिशीचे दिवस भरले आणि लग्न झालं. त्यांच्या मुलीने हौसेने ताट आणि तांदूळ आणले होते. "बाबा, नाव काय ठेवायचं?" तिने विचारलं. ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आहे ते राहू दे." तांदूळ परत डब्यात गेले.

कोर्टात दोघी उभ्या राहिल्याची गोष्ट मी त्यांना सांगितली, आणि ते पोट धरून हसले. पैसे कुणी दिले असं विचारलं, तेव्हा मात्र मी म्हटलं, "ओळखीची एक बाई होती." मला झालेला आनंद तर सांगितलाच नाही. ते मला चांगली समजतात. समजू देत असं वाटतं, आणि तसं वाटण्याचीही लाज वाटते.

पुढच्या तारखेला मी पुन्हा धारवाडला गेले. ती बाकावर बसली होती. चेहरा उतरला होता. तो याही वेळी आलेला नव्हता. माझ्या गळ्यातलं नवं मंगळसूत्र तिने पाहिलं आणि म्हणाली, "छान दिसतं." मी ते पटकन पदराखाली घेतलं.

पैसे रुमालात बांधून आणले होते. लग्नाच्या गडबडीतही रोज साड्या केल्या होत्या, त्यांतलेच होते. त्यांच्याकडून एक रुपया घेतला नव्हता. मी रुमाल सोडून नोटा तिच्या हातात दिल्या. आमच्यात अशा वेळी आधी राहू दे म्हणतात, मग दोनदा आग्रह होतो, मग घेतात. ती एकदाही राहू दे म्हणाली नाही.

"मोजून घ्या," मी म्हटलं.

ती मोजायला लागली. तेवढ्यात दाराशी शिपायाने ते नाव पुकारलं. मी उठणारच होते. मी बाकाची कड धरली आणि बसून राहिले.

तिने शेवटची नोट मोजेपर्यंत शिपायाने दुसऱ्यांदा पुकारलं. "फिटले हो अक्का, सगळे फिटले," ती म्हणाली. नोटा फाइलच्या कप्प्यात ठेवल्या आणि आत गेली.